‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते’: रोजच्या बोलण्याला वळण लावायची रीत

रविवारी चर्चमधला उपदेश ऐकून घरी येताना माणूस ठरवतो, आजपासून कोणाला वाकडं बोलायचं नाही. सोमवार निभावतो. मंगळवारी दूध उतू जातं, मुलाची वही सापडत नाही, आणि ठरवलेलं सगळं दुधाबरोबर गॅसवर. मग दोनच वाटा उरतात: ‘माझा स्वभावच असा’ म्हणून सोडून देणं, नाहीतर तोंड मिटून अबोला धरणं आणि त्यालाच सहनशीलता म्हणणं. आमच्या महिला मंडळात मी हे इतक्यांदा पाहिलंय, आणि स्वतः केलंय, की चूक कुठे होते ते आता ओळखता येतं. इच्छा सगळ्यांना असते, क्रम चुकतो. आपण बोलणं बदलायला आधी निघतो आणि ऐकायला नंतर. तक्रार आधी चौघांना सांगतो आणि ज्याची आहे त्याला शेवटी.

खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिल्या चार पायऱ्यांना साधारण महिना लागतो. पुढच्या प्रसंग येईल तशा.

## आधीची तयारी

तीन गोष्टी जमवा. एक छोटी वही, पर्समध्ये किंवा खिशात मावेल अशी. मोबाइलवर नोंद नको. मोबाइल उघडला की नोंद राहते बाजूला आणि आपण दुसऱ्याच्या स्टेटसवर पोचतो.

दुसरं, वाचन. बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचे अध्याय 31 आहेत. आज जी तारीख असेल तो अध्याय वाचा आणि तोंड, जीभ, ओठ, शब्द यांविषयीच्या वचनांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. महिन्याअखेर किती रेघा झाल्या ते पाहून चकित व्हाल. सोबत याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय आणि इफिसकरांस पत्रातलं 4:25 ते 32 (चौथ्या अध्यायातली 25 ते 32 ही वचनं), आठवड्यातून एकदा, मोठ्याने.

तिसरं, घरातलं एक माणूस, जे तुम्हाला खरं सांगेल. नवरा-बायको या कामाला फारसे उपयोगी नाहीत, त्यांचे जुने हिशेब असतात. आठ-दहा वर्षांचं मूल उत्तम. त्याला एवढंच विचारायचं, “मी कधी कधी वाईट बोलते?” उत्तर आलं की सफाई द्यायची नाही.

## पायरी 1: सात दिवस नुसती नोंद

या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही, फक्त लिहायचं. रोज रात्री पाच मिनिटं. कोणाशी, किती वाजता, काय बोलले, आणि त्या वेळी शरीराची अवस्था काय होती: भूक, झोप, उन्हातून आलेली, पाळीचे दिवस. शब्द जसेच्या तसे लिहा. ‘रागावले’ असं लिहून उपयोग नाही. ‘तुझ्या आईने हेच शिकवलं का’ असं लिहा.

काय नोंदवायचं, याला एक सोपी कसोटी आहे. इफिसकरांस 4:29 मध्ये तोंडातून निघू नये अशा बोलण्यासाठी प्रेषित पौलाने जो मूळ ग्रीक शब्द वापरला, ‘साप्रोस’, त्याचा अर्थ कुजलेलं. मत्तयच्या शुभवर्तमानात 13:48 मध्ये जाळ्यातले मासे निवडताना जे फेकून दिले, त्यांनाही हाच शब्द आहे. आपल्याकडे ‘कुजकट बोलणं’ म्हणतात ते अगदी नेमकं. शिवी असेलच असं नाही. “वा, आज लवकर उठलात!” हेही कुजकट असू शकतं. ऐकणाऱ्याला त्याचा वास येतो.

एक रकाना विसरू नका: समोरचा आपल्यापेक्षा लहान होता का? चर्चच्या पाळकसाहेबांना ‘आपण’ आणि रिक्षावाल्याला ‘ए’. सोसायटीचा वॉचमन, भाजीवाली, कामाला येणाऱ्या मावशी, नवी सून, शिकाऊ कारकून. ज्या तोंडाने देवाची स्तुती त्याच तोंडाने त्याच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप, हे याकोबाने 3:9 मध्ये लिहिलं ते अशाच घरांसाठी.

तपासा: वहीत दुसऱ्यांनी तुम्हाला काय म्हटलं तेच जास्त आलं असेल तर ती नोंद नाही, तक्रारवही आहे. आठवडा पुन्हा करा. मला दोनदा करावा लागला.

## पायरी 2: एकच जागा निवडा

सात दिवसांची पानं समोर घ्या आणि सगळ्यात जास्त खुणा कुठे आहेत ते बघा. माझ्या निघाल्या सकाळी साडेसात ते साडेआठ, डब्यांच्या वेळेला. एका आठवड्यात अकरा. दुसऱ्या नंबरावर रविवारी उपासनेहून परतताना रिक्षात: कोण काय नेसलं होतं, कॉयर कसं बेसूर झालं, कोणाची प्रार्थना किती लांबली.

पुढचा महिना त्या एकाच जागेवर काम करा. बाकीच्या ठिकाणी चुकाल, चुकू द्या. आणि बोलण्याआधी व्यवस्था बदला. माझे सकाळचे निम्मे शब्द रात्री भाजी चिरून ठेवल्यावर आपोआप कमी झाले. यात अध्यात्म कमी वाटेल, पण भुकेल्या, घाईत असलेल्या माणसाच्या तोंडावर पहारा ठेवणं देवालाही अवघड जात असावं.

## पायरी 3: उत्तराच्या आधी थांबायचं

ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद (याकोब 1:19). इथेही क्रमच दिलाय, आणि आपण तो नेमका उलटा चालवतो. थांबायचं म्हणजे काय, हे मात्र कोणी सांगत नाही. मी असं करते:

समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देते. मग एक घोट पाणी. मग उत्तर न देता एक प्रश्न: “म्हणजे नक्की काय झालं?” ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आणि लाज, असं नीतिसूत्रे 18:13 म्हणतं. या प्रश्नानंतर दहांतल्या पाच वेळा कळतं की आपण ज्याला उत्तर देणार होतो ते त्याने म्हटलंच नव्हतं.

फोनवरचं वेगळं. राग आलेला असताना व्हॉइस मेसेज पाठवायचा नाही, कारण आवाज परत परत ऐकला जातो आणि दर वेळी तितकाच लागतो. रागातलं उत्तर लिहायचंच असेल तर वहीत लिहा. चॅटच्या चौकटीत लिहून ‘नंतर पाठवीन’ म्हटलं की अंगठा दगा देतो.

इशारा: थांबणं आणि अबोला वेगळे. “आत्ता माझं डोकं तापलंय, जेवणं झाल्यावर बोलू” हे थांबणं. दार आपटून खोलीत जाणं, मुलामार्फत ‘पप्पांना सांग जेवायला या’ असा निरोप धाडणं, हा अबोला. तो न बोलता केलेला मारा आहे. राग मावळण्याआधी सूर्य मावळू नये, असं इफिसकरांस 4:26 सांगतं, म्हणून थांबण्याला मुदत त्याच दिवसाची. आणि जेवणं झाल्यावर खरंच बोला. नाहीतर पुढच्या वेळी तुमच्या ‘नंतर बोलू’वर कोणाचा विश्वास राहत नाही.

## पायरी 4: हो म्हणजे हो

ही पायरी लोक घाईघाईने ओलांडतात, कारण आपण खोटं बोलत नाही अशी खात्री असते. वही पाहा. आंघोळ व्हायची असताना “निघालोय, पाच मिनिटांत पोचतो”. दारावर वर्गणीवाला आला की मुलाला “सांग, पप्पा घरी नाहीत”. ऊठसूट ‘देवाशप्पथ’. शपथच घेऊ नका, तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, हे मत्तय 5:34 ते 37 मधलं सांगणं न्यायालयापेक्षा स्वयंपाकघराला जास्त लागू आहे.

आपल्या लोकांची खास चूक म्हणजे “प्रार्थना करते हं”. म्हणतो आणि विसरतो. उपाय सोपा: तिथल्या तिथे, फोनवरच, तीन वाक्यांची प्रार्थना करा. गर्दीत असाल तर “आज रात्री नाव घेईन” म्हणा आणि वहीत लिहा. आणि समोरच्याला प्रार्थनेइतकीच तांदळाची गरज असेल तर तांदूळ द्या. ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असं नुसतं म्हणण्याचा काय उपयोग, हे याकोब 2:16 मध्ये विचारलेलं आहेच.

साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सभेत सांगतानाही, हेच. दोन दिवसांचा ताप तिसऱ्यांदा सांगताना आठवड्याचा होतो आणि पाचव्यांदा ‘डॉक्टरांनी आशा सोडली होती’. देवाच्या कामाला आपल्या भरीची गरज नाही.

## पायरी 5: जे माणूस समोर नाही, त्याच्याबद्दल

ही पायरी मोठी आहे, कारण मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि तेही डोळे मिटून, हात जोडून.

घरगुती प्रार्थनासभेत विनंत्या विचारल्या जातात. कोणी म्हणतं, “एका कुटुंबासाठी प्रार्थना करू या, नाव नको घ्यायला, आपल्या गल्लीच्या टोकाचं, ज्यांची मोठी मुलगी…” संपलं. नाव न घेता पत्ता सांगितला. मी स्वतः एका बुधवारी एका बाईंच्या मुलाची नोकरी सुटल्याचं ‘प्रार्थनेसाठी म्हणून’ सांगितलं. त्यांनी मला ते विश्वासाने सांगितलं होतं, घरच्या थोरल्या माणसांनाही अजून कळू दिलं नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या सासूबाईंचा त्यांना फोन गेला. एक दिवस पुरला.

तेव्हापासून मी विनंती मांडण्याआधी तीन गोष्टी पाहते. त्या माणसाची परवानगी घेतली का? गरज सांगायला कारण सांगणं जरुरी आहे का? ती व्यक्ती या खोलीत, त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली असती तर मी याच शब्दांत बोलले असते का?

फरक असा पडतो. “अमक्यांच्या घरी फार भांडणं चाललीत, तो पुन्हा पिऊ लागलाय, प्रार्थना करा” असं म्हणू नका. “एका बहिणीने तिच्या घरासाठी प्रार्थना मागितली आहे” एवढं पुरे. तपशील देवाला आधीच ठाऊक आहेत.

यावरून प्रार्थनेतलं बोलणं. “हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की…” अशी सुरुवात झाली की मी सावध होते, कारण पुढे जे येतं ते बहुधा प्रभूसाठी नसून बाकीच्या अकरा जणींसाठी असतं. तसंच “उशिरा येणाऱ्यांना सद्बुद्धी दे, पित्या”. उशिरा येणारी तिथेच बसलेली असते, चप्पल काढून नुकतीच टेकलेली. तिला काही सांगायचं असेल तर सभा संपल्यावर सांगा, देवाला मध्ये घालू नका.

ऐकणाऱ्याचाही यात वाटा आहे. सरपण नसलं की विस्तव विझतो, चहाडखोर नसला की तंटा मिटतो (नीतिसूत्रे 26:20). आपले कान म्हणजे ते सरपण. थांबवण्यासाठी मोठं बोलावं लागत नाही. मला चालणारी वाक्यं: “तुम्ही त्यांच्याशी बोललात का?” किंवा “मला हे कळून मी काय करू?” किंवा नुसतं “चहा टाकते”. तिसरं सगळ्यात गुणकारी. कोणालाही अपमान वाटत नाही आणि विषय मोडतो.

इशारा, व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी: आयसीयूतल्या माणसाचा नळ्या लावलेला फोटो ‘प्रार्थनेसाठी’ टाकू नका. कोणाच्या आजाराचं नाव, परीक्षेतलं अपयश, लग्न मोडल्याची बातमी त्या घराने स्वतः कळवल्याशिवाय पुढे ढकलू नका. पहाटे पाचला वचनाचे रंगीत फोटो पाठवणाऱ्यांनी नीतिसूत्रे 27:14 एकदा वाचावं. पहाटे उठून मोठ्या आवाजात मित्राला दिलेला आशीर्वाद शाप समजला जातो असं तिथे आहे, आणि तेव्हा मोबाइल नव्हते.

## पायरी 6: तक्रार आहे, मग कुठे जायचं

मत्तय 18:15 ते 17 मध्ये क्रम दिलेला आहे: आधी तो आणि तुम्ही, दोघंच. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घ्या. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांगा. आपण मंडळीपासून सुरुवात करतो, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करतो, आणि ‘तो आणि तुम्ही’ कधीच होत नाही.

जाण्याआधी तक्रार दोन ओळींत लिहा. दोन ओळींत बसत नसेल तर ती एक तक्रार नाही, जुनं गाठोडं आहे. एकच प्रसंग निवडा. वेळ मागून घ्या. उपासना सुटल्यावर पोर्चमध्ये गाठायचं नाही, तिथे शंभर कान असतात. मयताच्या घरी, बारशात, लग्नाच्या पंगतीतही नाही.

सुरुवात कशी करायची? “सगळेच म्हणतात” हे दोन शब्द घरी ठेवून जा. ते खोटं असतं, आणि खरं असलं तर तुम्ही पाचवी पायरी मोडली आहे. “रविवारी तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या हिशेबावर हसलात. मला ते लागलं. तुमच्या मनात काय होतं ते ऐकायला आले आहे.” एवढंच. मग गप्प बसा. खटल्यात आधी बोलणारा बरोबर वाटतो, दुसरा येऊन तपासतो तोपर्यंत (नीतिसूत्रे 18:17). इथे आधी बोलणारे तुम्ही आहात, म्हणजे तपासलं जाणारही तुम्हीच.

‘मस्करी केली हो’ असं उत्तर आलं तर चिडू नका. शेजाऱ्याला फसवून ‘थट्टा केली’ म्हणणाऱ्याला नीतिसूत्रे 26:18-19 मध्ये जळती कोलितं फेकणाऱ्या वेड्याची उपमा आहे. हे वचन त्यांच्या तोंडावर फेकायचं नाही. तुम्ही कधी तेच उत्तर दिलंत ते आठवण्यासाठी आहे. “मला ती मस्करी वाटली नाही” एवढं म्हणा.

एक-दोघांना न्यायची वेळ आली तर आपली बहीण नेऊ नका. दोघांनाही ज्यांचा मान वाटतो अशी माणसं न्या. वचन म्हणतं, ऐकलं तर तू आपला भाऊ मिळवलास. खटला जिंकल्याचं तिथे काही नाही.

मोठा इशारा: ही पायरी समान माणसांमधल्या दुखावण्यासाठी आहे, गुन्ह्यासाठी नाही. मारहाण होत असेल तर त्या बाईला ‘आधी एकट्याने त्याच्याशी बोल’ असं सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच हाताखाली पाठवणं. महिला हेल्पलाइन 181 आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असलेल्या कोणीही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘मंडळीची बदनामी नको’ ही सबब तिथे चालत नाही. चाइल्डलाइन 1098. अशा ठिकाणी तोंड बंद ठेवणं म्हणजे जिभेवर ताबा नव्हे.

## पायरी 7: चुकीचं बोलून झालं, आता

माफी मागताना लोक दोन शब्दांनी सगळं घालवतात: ‘जर’ आणि ‘पण’. “जर तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” म्हणजे दोष तुझ्या वाटण्याचा. “चुकले, पण तूही…” म्हणजे ‘पण’च्या आधीचं पुसून टाका.

आपण काय बोललो ते उच्चारा: “काल मी तुला बिनकामाची म्हटलं.” मग: “ते चुकीचं होतं.” मग थांबा. शब्द जिथे बोललात तिथेच परत घ्या. जावेला पाहुण्यांसमोर टाकून बोललात तर स्वयंपाकघरात कानात मागितलेली माफी अपुरी आहे. त्याच पाहुण्यांना कळायला हवं. जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली (लूक 19:8), ती तोंडाच्या लुबाडणुकीलाही लागू आहे. कोणाबद्दल चुकीची गोष्ट पसरवली असेल तर ज्या ज्या घरी सांगितली त्या घरी परत जाऊन “मी सांगितलं ते खरं नव्हतं” म्हणायचं. पाचव्या पायरीतल्या त्या बाईंची गोष्ट खरी होती, म्हणून “ते सांगायचा मला हक्क नव्हता” म्हणत मी अशी पाच घरं फिरले. तिसऱ्या घरी मला पाणीही विचारलं नाही.

“आपण ख्रिस्ती आहोत, तू क्षमा करायलाच हवीस” असं कधीही म्हणू नका. क्षमा मागणाऱ्याने तिची वसुली करायची नसते. त्या बाई माझ्याशी आठ महिने बोलल्या नाहीत. तो त्यांचा हक्क होता.

मुलांचीही माफी मागा, तशीच, पुऱ्या वाक्यात.

प्रभुभोजनाचा (चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा) रविवार असेल तर हे काम शनिवार संध्याकाळपर्यंत उरका. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं मत्तय 5:23-24 सांगतं. पण सकाळी साडेआठला गेटवर घाईत हात हातात घेऊन “काही मनात ठेवू नका हं” म्हटलं तर समोरच्याला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. आमच्या कॅथलिक नातेवाइकांनाही हेच सांगते: फादरांपाशी पापनिवेदन केलंत, छान केलंत, पण वहिनीकडे अजून जायचंय.

## पायरी 8: दुःखाच्या घरी

थोडक्यात. बायबलमधल्या ईयोबाची मुलं आणि मालमत्ता गेली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब 2:13). त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम तेच. बोलायला लागले आणि बिघडलं. “देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात”, “विश्वास कमी पडला असेल”, “निदान दुसरं मूल तरी आहे”, यांतलं काहीही बोलू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एक आठवण सांगा. “उद्या सकाळचा डबा मी आणते” म्हणा आणि आणा.

## पायरी 9: पुन्हा वही

चार आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांची नोंद करा, आणि पहिली पानं दुसरी पूर्ण होईपर्यंत उघडू नका. मग शेजारी ठेवून मोजा. तुमच्या छोट्या साक्षीदारालाही पुन्हा विचारा.

माझ्या सकाळच्या खुणा अकरावरून चारवर आल्या. लेक म्हणाली, “आता तू ओरडायच्या आधी पाणी पितेस, म्हणून आम्हाला कळतं.” रविवारच्या रिक्षातल्या खुणा मात्र होत्या तेवढ्याच आहेत. पुढचा महिना त्यांचा.